ओझं उतरलं की मुक्काम

३ मार्च

खेचर! आमच्या कोंडवाड्यात खेचर!

इतक्या वर्षांत गाई आल्या, म्हशी आल्या, गाढवं तर पैशाला पासरी. एकदा कुणाचं तरी शिकवलेलं माकडसुद्धा आणून बांधलं होतं — त्याने माझीच टोपी पळवली. पण खेचर कधी आलं नाही.

रहदारीचा शिपाई हमरस्त्यावरून घेऊन आला. म्हणजे तो म्हणतो 'मी आणलं'. मी दारातून बघत होतो ना! खेचर पुढे चाललं होतं आणि हा मागून शीळ घालत. पाठीवर खोगीर, दोन्ही बाजूंना कोळशाच्या गोण्या, मालकाचा पत्ता नाही. फाटकाशी येऊन थांबलं, माझ्याकडे बघितलं आणि सरळ आत शिरलं. बदलीचा हुकूम घेऊन आल्यासारखं.

झाडूवाल्याने गोण्या उतरवल्या. मी नुसता उभा. हात खिशात.

४ मार्च

नोंद केली. मालकाने पंधरा दिवसांत दंड भरून सोडवलं नाही तर लिलाव. नियम आहे, आजवर मीच पाळत आलोय. माझी निवृत्ती एकतीस तारखेला. म्हणजे माझ्या हातचं शेवटचं जनावर हेच.

घरी सांगितलं, "आज खेचर आलंय." ही म्हणाली, "बरं मग?"

बरं मग! फौजेत खेचरांबरोबर काढलेली वर्षं हिला माहीत आहेत. म्हणजे, एवढंच माहीत आहे. बाकीचं मी कधी सांगितलं नाही, हिने कधी विचारलं नाही. आमचं बरं चाललंय.

६ मार्च

डॉक्टरीणबाई तपासायला आल्या. पोरगी लहान आहे, पण जनावराच्या अंगावर हात ठेवते तेव्हा जनावर ऐकतं. मी आपला 'हे खेचर, हे खेचर' करतोय. म्हणाल्या, "काका, मादी आहे हो ती."

मग आयाळ बाजूला केली, तर मानेवर डाग देऊन उठवलेला आकडा. "फौजेची दिसते. तुम्ही फौजी ना? लक्षात नाही आलं तुमच्या?"

नाही आलं! चष्मा घरी राहिला होता. नाक कापलं गेलं माझं. बाई मात्र हसल्या नाहीत, हे त्यांचं भलेपण.

आता या वहीत घोटाळा होणार. 'ही' म्हणजे घरची. म्हणून खेचराला 'ती' म्हणायचं ठरवतो.

ती म्हणजे माझी फौजेतली मावशी नाही. मला कळतं. मावशी केव्हाच गेली असणार, इतकी वर्षं कुठलं खेचर जगतं? मी काही वेडा नाही. तरी सगळे गेल्यावर डावा कान बघून आलो. मावशीचा फाटका होता. हिचा — तिचा — धड आहे.

८ मार्च

दिवसभर मावशीच डोक्यात.

आमच्या तुकडीत एका खेचरामागे दोन माणसं. मी डाव्या बाजूला, बुटक्या उजव्या. त्याला बुटक्या म्हणायचे कारण तो ताडमाड होता, फौजेतला विनोद असलाच. आमच्या खेचराचं नाव मावशी, कारण ती सारखी कुरकुर करायची आणि काम मात्र सगळ्यांच्या आधी आटपायची. बुटक्या तिच्याशी घरच्यासारखा बोलायचा. "मावशी, आज जरा मनावर घ्या. वर लोक उपाशी आहेत." मावशी कान हलवायची. "बघ, रागावली!" म्हणायचा.

डोंगरावरची वाट एका माणसापुरती. वर ठाणं. खालून धान्य, पाणी, दारूगोळा — सगळं मावशीच्या पाठीवर. थंडीत माझ्या बोटांना भेगा पडायच्या, तेव्हा मावशीच्या पोटाखाली हात धरायचो. ऊब! तसली ऊब पुन्हा कुठे मिळाली नाही. घरात शेकोटी पेटवली, मऊ पांघरुणं घेतली, पण नाही.

लढाई संपली तेव्हा मी इस्पितळात, पाय लटकवलेला. बाहेर आलो तर तुकडी मोडलेली आणि खेचरं विकून टाकलेली. कुणाला, कुठे? कुणालाच पत्ता नाही. एका कारकुनाने तर मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "माणसांचा पत्ता लागत नाही, तुम्ही खेचर काय विचारता?"

गावी आल्यावर पालिकेत दोन जागा होत्या. एक साहेबांच्या दारावरचा शिपाई, पंख्याखाली खुर्ची. दुसरी कोंडवाडा. मी कोंडवाडा म्हटल्यावर सगळं कार्यालय हसलं. हसू देत. मला वाटायचं, रस्ता चुकलेलं प्रत्येक जनावर शेवटी कोंडवाड्यातच येतं. कधी ना कधी येईल.

लिहिताना डोळ्यांत पाणी आलं. म्हातारचळ, दुसरं काय!

१० मार्च

खाते, पिते, आवारभर फिरते. झाडूवाल्याची बादली लाथेने भिंतीपलीकडे उडवली. (मी हसलो. तो नाही.) पण फाटकाबाहेर पाऊल टाकत नाही. झाडूवाल्याने ओढून बघितलं, रहदारीच्या शिपायाने ढकलून बघितलं. ढिम्म!

मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. फौजेतलं जनावर आहे. ओझं उतरलं की मुक्काम. पुन्हा ओझं चढेपर्यंत तळ सोडायचा नाही, तोफा वाजल्या तरी. पिल्लू असल्यापासून हाच धडा. तिच्या लेखी हा कोंडवाडा म्हणजे तळ आहे आणि ती हुकुमाची वाट बघतेय.

१२ मार्च

दुपारी कुणी नसताना तिच्यावर ओझं चढवून बघितलं. फजिती!

डाव्या बाजूला वाळूची गोणी अडकवली आणि उजवीकडची आणायला वळलो. तेवढ्यात तिने अंग असं झाडलं की गोणी माझ्या पायावर. पुन्हा केलं, पुन्हा तेच. खोगीर सैल असेल म्हणून आवळलं. पट्ट्याला शिव्या दिल्या. तिला शिव्या दिल्या. तिसऱ्यांदा गोणी फुटली तेव्हा मी वाळूत बसून हसायला लागलो.

विसरलोच होतो! ओझं कधी एकट्याने चढवायचंच नसतं. दोन माणसं, दोन बाजू, एकाच वेळी. एक विचारतो, "तयार?" दुसरा म्हणतो, "तयार." आणि दोघं मिळून उचलतात. एका बाजूचं ओझं खेचर सहन करत नाही, करूही नये. घसरलं तर ते दरीत आणि माणूसही दरीत.

फौजेत इतकी वर्षं काढली, एकदाही एकट्याने ओझं चढवलं नव्हतं. म्हणून चुकलो. डोकं उजव्या बाजूला कुणीतरी आहे असंच धरून चालतं.

एकदा सोडून. त्याबद्दल आज नाही.

१३ मार्च

पाय सुजला. ही शेक देताना म्हणाली, "लष्कराच्या भाकऱ्या भाजायची हौस फिटली नाही अजून?" बोलते तिखट, हात हलका.

१४ मार्च

लिहून टाकतो. नाहीतर झोप नाही.

सकाळची वेळ. धुकं. वळणावर गोळा पडला. मावशी थांबली, तिचं ओझं सुटून वाटेवर. मी आडवा पडलो होतो, उठलो. पाय ओला लागला, पण लक्ष दिलं नाही. पहिलं काम ओझं. माझ्या बाजूची पेटी उचलली, खोगिराला टेकवली आणि विचारलं, "तयार?"

उत्तर नाही.

पुन्हा विचारलं, "तयार?"

तिसऱ्यांदा विचारायच्या आधी वाकून मावशीच्या पोटाखालून पलीकडे बघितलं.

बस. बुटक्याला मावशीच्या पाठीवर घेऊन मी खाली आलो. कसा चढवला त्याला एकट्याने, आठवत नाही. मावशीने अंग झाडलं नाही. एवढं आठवतं की ती संपूर्ण वाट पाऊल चाचपून चालली आणि एकदाही कुरकुरली नाही.

हे हिला कधी सांगितलं नाही. लेकीला नाही. कुणालाच नाही. सांगून काय करायचं? त्यांनी ओझं कुठे धरायचं?

१६ मार्च

लेक आणि जावई येऊन गेले. लेक आईला म्हणाली, "किती पेंगतेस दिवसा! बाबांच्या घोरण्याने झोप होत नसेल तर पलीकडच्या खोलीत झोप की."

ही म्हणाली, "नको. सवय झालीय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लग्नानंतर पहिल्या आठवड्यातच हिने सांगितलं होतं — तुम्ही घोरता. तेव्हापासून रोज ऐकतोय. संध्याकाळी औषधाच्या दुकानात जाऊन नाकावर लावायच्या पट्ट्या आणल्या. हिने पाकीट न उघडता फडताळात टाकलं. "याचा काही उपयोग नाही तुम्हाला." निदान 'वापरून तर बघा' म्हणावं!

१९ मार्च

मालक आला नाही. उद्या लिलाव.

मला बोली लावता येत नाही. नोकरीत असलेल्याने नाही, त्याच्या घरच्यांनीही नाही. चांगला नियम आहे. आज मात्र तो करणाऱ्याच्या नावाने बोटं मोडली.

२० मार्च

बोली एकट्या वीटभट्टीवाल्याची. माणूस वाईट नाही, पण त्याच्या भट्टीवरची गाढवं मी बघितलीत. पाठी सोललेल्या असतात.

पैसे भरले, दोर हातात घेतला आणि ओढला. ढिम्म! चार माणसं लावली. ढिम्म! मग त्याच्या माणसाने एका बाजूला विटांची गोणी टाकली. तिने ती अशी झाडली की विटा लिलावाच्या टेबलावर. साहेब उठून उभे! भट्टीवाल्याने चाबूक काढला. मी हात धरला त्याचा. "पालिकेच्या आवारात नाही."

तो माझ्याकडे बघत राहिला. "फौजी, तुम्हाला ठाऊक असणार. ही चालते कशी?"

मी म्हणालो, "जनावर आहे. मनात आलं की चालेल."

मूग गिळून बसलो! आयुष्यभर सरकारी कामात खोटं बोललो नाही आणि आज एका खेचरापायी. लाज वाटते. पण चाबूक आठवला की कमी वाटते.

नियमाप्रमाणे संध्याकाळी फाटक बंद होईपर्यंत जनावर बाहेर गेलं नाही तर लिलाव रद्द. रद्द झाला.

२१ मार्च

माझा शहाणपणा अंगाशी आला.

साहेबांनी बोलावलं. पुन्हा लिलाव दोन एप्रिलला. मी मनात म्हटलं, वा! तोवर मी निवृत्त, खुशाल बोली लावीन. तेवढ्यात म्हणाले, "आणि तेव्हाही कुणी नेलं नाही, तर चामडेवाल्याला देऊन टाकू. पालिकेने किती दिवस चारा घालायचा?"

म्हणजे तिला फाटकाबाहेर चालवत न्यायचंच, आणि मलाच. पण माझं घोडं तिथेच पेंड खातंय — उजव्या बाजूला माणूस कुठून आणू? झाडूवाल्याला विचारलं. म्हणाला, "काका, माझी बादली कुठे गेली, बघितलंत ना?" जावयाला फोन केला. तो इतका हसला की लेकीने फोन काढून घेतला.

२४ मार्च

आज हिला सांगितलं. मागच्या अंगणात बांधीन, तुझ्या कुंड्यांना धक्का लागणार नाही, कपड्यांची दोरी दुसरीकडे बांधीन वगैरे.

ही भांडी आपटत म्हणाली, "म्हातारपणी सवत आणताय माझ्या उरावर!"

"सवत कसली, मावशी म्हण."

"जन्मभर अंगाला जनावरांचा वास घेऊन घरी आलात. म्हटलं, सुटतील एकदाचे. तर आता वासच घरी येणार!" मग ताटं मांडत, "तुम्हाला काय? तुम्ही खुशाल झोपाल. जागी मी राहणार."

खरं आहे. जेवायला बसलो. एक घास जास्त वाढला हिने, न विचारता. याचा अर्थ हो की नाही, इतक्या वर्षांनीही मला सांगता येत नाही.

३१ मार्च

निरोप समारंभ. साहेबांनी भाषणात सांगितलं की मी फौजेच्या बँडमध्ये होतो. कुठून काढलं देव जाणे! टाळ्या पडल्या, मग दुरुस्त कोण करतो? भेट म्हणून काठी दिली. पाय धड आहेत अजून माझे!

किल्ली झाडूवाल्याच्या हातात दिली. इतकी वर्षं कमरेला होती. चालताना आवाज येईना, तेव्हा दोनदा मागे वळून बघितलं, काय पडलं म्हणून.

जाण्याआधी तिच्याजवळ उभा राहिलो. पोटाखाली हात धरला. उकडत होतं, तरी धरला. ऊब तशीच आहे. अगदी तशीच.

१ एप्रिल

पहाटे उठून खाकी कपडे चढवले, बूट घातले. मग आठवलं. बूट तसेच ठेवून पायरीवर बसून राहिलो. ओझं उतरलं.

२ एप्रिल

अक्षर वाकडं येतंय.

बोली लावली. भट्टीवाला आला होता, पण खिशातून हात काढला नाही. म्हणाला, "घ्या फौजी, तुम्हीच घ्या. आज गंमत बघायला आलोय. न्या बघू चालवत!" आणि टेबलाच्या टोकाला चामडेवाला बसलेला, चहा पीत, निवांत. त्याला काय घाई?

अर्धं गाव फाटकाशी. मी खोगीर चढवलं, पट्टा आवळला. दोन गोण्या भरून ठेवल्या, वजनाला सारख्या. मग गर्दीकडे वळून म्हणालो, "एक माणूस पाहिजे. फक्त उजव्या बाजूला उभं राहायचं." एकजण पुढे येईना. शिपाई आकाशात बघायला लागला. कुणीतरी म्हणालं, "फौजी, बँड वाजवा, नाचत येईल!" सगळे हसले.

फाटक बंद व्हायची वेळ झाली. झाडूवाला किल्ली हातात घेऊन माझ्याकडे बघतोय. बिचारा, त्याला बंद करायचं नव्हतं.

मला राग आला. गावाचा नाही, माझाच. माझ्या गप्प बसण्याने तिला इथवर आणलं होतं. मी डावी गोणी उचलली, खोगिराला टेकवली. पडली तर पडू दे पायावर! आणि तोंडातून निघून गेलं. ठरवून नाही, नुसतं निघून गेलं —

"तयार?"

आणि पलीकडून आवाज आला, "तयार."

लगेच. क्षणाचाही वेळ न लावता. रोजचंच काम असल्यासारखं.

मी वाकून पोटाखालून बघितलं. पलीकडे दोन पाय. निळ्या पट्ट्याच्या चपला, उजवीचा पट्टा मीच मागच्या महिन्यात शिवला होता.

ही! स्वयंपाकघरातून उठून तशीच आलेली, पदर खोचलेला, दोन्ही हातांत गोणी पोटाशी धरलेली. गुडघे दुखतात हिचे. पायऱ्या चढताना भिंत धरते. मी काही बोलणार तेवढ्यात म्हणाली, "बघताय काय? जड आहे. उचला!"

उचललं. दोन्ही बाजू एकदम बसल्या. तिने कान हलवले, एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं आणि फाटकातून बाहेर पडली. कुणी हसलं नाही. भट्टीवाल्याने टोपी काढली. का, कुणास ठाऊक.

घरापर्यंत मी डाव्या बाजूने, ही उजव्या बाजूने. वाटेत विचारलं, "तुला कसं ठाऊक, काय म्हणायचं ते?"

"ऊन फार आहे. पाय उचला."

अंगणात ओझं उतरवलं. तिने जागा हुंगली आणि उभी राहिली. मुक्काम. मी तिथेच खाली बसून रडलो. ही कुंड्या सरकवत राहिली.

३ एप्रिल

सकाळी चहा ठेवताना ही म्हणाली, "एक सांगू? घोरत नाही तुम्ही. कधीच घोरत नव्हता. झोपेत विचारता, तयार? मग पुन्हा विचारता. तिसऱ्यांदा विचारायच्या आत मी म्हणते, तयार. मग शांत झोपता."

काल रात्री मी विचारलंच नाही म्हणे. ही मात्र पहाटेपर्यंत जागी होती, वाट बघत.